पोवाडा गडावर, कुणबी पायथ्याशी



जून उजाडला की कोरडवाहू घरात तीनच प्रश्न असतात. बियाण्याचे काय झाले, सोसायटीच्या कर्जाचे काय झाले आणि मृग कधी बरसणार. कपाशीवाल्याचे अख्खे वर्ष या आठ-दहा दिवसांवर टांगलेले असते. नेमक्या याच दिवसांत, ६ जूनला, रायगडावर शिवराज्याभिषेकाचा सोहळा होतो. आपल्या गावांतून गाड्या भरभरून पोरे जातात. रात्रभर प्रवास करून पाचाडला उतरतात, गड चढतात, डफावर थाप पडली की अंगावर शहारा घेतात आणि घसा बसवून घरी परततात. दाराशी बाप उभा असतो. त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो: पेरायचे कशाने?

पोरगा राजाला मुजरा करायला गेला याचे बापाला दुःख नाही. असूही नये. ज्या राजाचे नाव घेतल्याशिवाय आपल्या घरात चांगले काम सुरू होत नाही, त्याच्या गडावर वर्षातून एकदा जावेच. आमची तक्रार राजाबद्दल नाही आणि गडाबद्दलही नाही. आमची तक्रार गडावरून जो पोवाडा ऐकू येतो आणि जो ऐकू येत नाही, त्याबद्दल आहे.

जयंती घ्या, पुण्यतिथी घ्या, राज्याभिषेक दिन घ्या. मंचावर अफजलखान फाडला जातो, शाहिस्तेखानाची बोटे तुटतात, आग्र्याचे पेटारे सुटतात, तानाजी पडतो, बाजीप्रभू खिंड अडवतो. टाळ्या पडतात. मग मंत्री बोलायला उठतात आणि सांगतात की आमचे सरकार त्याच वाटेने चालले आहे. वाट कोणती, हे विचारायची सोय नाही. कारण त्या राजाने कुणब्याला बैल कसा दिला, बी कसे दिले, वसुली कशी केली, याचा एक चौकसुद्धा त्या मंचावर कोणी गात नाही. तलवार गातात, नांगर गाळतात. राजा गातात, रयत गाळतात. ही चूक शाहिराच्या गळ्याची नाही. ती मंच उभारणाऱ्याच्या सोयीची आहे, आणि ती सोय मोडायची वेळ आली आहे.

पोवाडा मुळात कोणाचा?

पोवाडा म्हणजे दरबारी गाणे, असा पुष्कळांचा समज करून दिलेला आहे. तो खोटा आहे. पोवाडा गाणारे गोंधळी आणि शाहीर गावोगाव फिरणारे, देवीच्या गोंधळात आणि जत्रेत उभे राहणारे लोक होते. हातात डफ किंवा संबळ, शेजारी तुणतुणे, मागे सूर धरणारा झीलकरी. छापखाना नव्हता, वर्तमानपत्र नव्हते. कुठे काय घडले, कोण लढला, कोण फितूर झाला, कुठे पूर आला, हे गावाला कळायचे ते याच लोकांच्या तोंडून. पोवाडा हे निरक्षर रयतेचे वर्तमानपत्र होते.

आज हाती असलेल्या पोवाड्यांत सगळ्यात जुना आहे तो अज्ञानदासाचा, अफजलखानाच्या वधावरचा. घटना १६५९ सालची. जिजाऊंनी तो करवून घेतला अशी परंपरा आहे, आणि शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा इनाम मिळाल्याचे त्या पोवाड्यातच येते. म्हणजे शाहिराला इनाम तेव्हाही मिळत होते. मात्र ज्या प्रसंगासाठी मिळाले, त्या प्रसंगात रयतेचा जीव आणि रयतेची देवळे-घरे पणाला लागली होती. शाहिराने जे गायले ते गावाचे स्वतःचे वर्तमान होते.

दुसरा प्रसिद्ध पोवाडा तुळशीदासाचा, तानाजी मालुसऱ्यांवरचा. सिंहगड घेतला १६७० साली. तानाजींचे गाव उमरठे, रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूर तालुक्यात, आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. हा पोवाडा नीट ऐका. त्यात लढाई येण्याआधी घर येते. पोराचे लग्न येते. पोराचे लग्न टाकून निघालेला बाप येतो, म्हातारा शेलारमामा येतो. इतिहासकार या पोवाड्यातल्या काही गोष्टींना पुरावा नाही म्हणतात. घोरपडीची गोष्ट घ्या, किंवा या लढाईनंतर गडाला सिंहगड नाव पडले ही गोष्ट घ्या. ते नाव तर आधीच्या कागदांतही सापडते. असेल. पण एका डोंगरातल्या घरातून माणूस उठला आणि त्या घराचे काय झाले, हे शाहिराला सांगावेसे वाटले. आज मंचावर दोन भाषणांच्या मध्ये पाच मिनिटे मिळतात. त्या पाच मिनिटांत लग्नघर पहिल्यांदा गळते आणि उरतो तो कडा आणि तलवार.

१८९१ साली ॲकवर्थ नावाचा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुने पोवाडे जमवून छापले. पुढे १९२८ साली य. न. केळकरांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह काढला. शिवकाळापासून इंग्रजी अमलापर्यंतचे सुमारे ३०० पोवाडे उजेडात आले. त्यांत शिवकाळातले फक्त ७. पेशवाईतले दीडशेच्या आसपास आणि बाकीचे इंग्रजी राजवटीतले. या ढिगात नुसत्या लढाया नाहीत. पूर आहेत, दुष्काळ आहेत, दंगे आहेत. म्हणजे पोवाड्याला पावसाचे आणि पोटाचे वावडे कधीच नव्हते. वावडे आहे ते आजच्या मंचाला.

गडावरचा उत्सव आणि गडाखालचा दुष्काळ

१८१८ साली रायगड इंग्रजांच्या हाती गेला आणि गडावर रान माजले. राजाची समाधीही दुर्लक्षित पडली. या काळात, १८६९ साली, जोतिराव फुल्यांनी शिवाजीराजांवर पोवाडा रचून छापला. जोतिरावांनी राजाला कुळवाडीभूषण म्हटले. कुळवाडी म्हणजे कुळाने जमीन कसणारा, म्हणजे आपण. राजा कोणाचा या प्रश्नाला जोतिरावांनी पोवाड्यातच उत्तर दिले: राजा नांगरधाऱ्यांचा. पुढे १८८३ साली याच माणसाने 'शेतकऱ्याचा असूड' लिहिले. पोवाडा आणि असूड यांच्यामध्ये चौदा वर्षांचे अंतर आहे, विचारात अंतर नाही.

१८९५ साली टिळकांनी समाधीच्या दुरुस्तीसाठी 'केसरी'तून निधी उभा केला आणि १८९६ साली रायगडावर उत्सव भरवला. त्याच वर्षी पाऊस फसला आणि महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा टिळक आणि त्यांची सार्वजनिक सभा काय करत होती? सरकारच्या फॅमिन कोडातले रयतेचे हक्क मराठीत छापून गावोगाव वाटत होती आणि पीक बुडाले असेल तर सारा भरू नका असे सांगत होती. टिळकांशी आमचे शंभर मतभेद असतील. पण उत्सव भरवणारे हात दुष्काळात सारासुटीचे कागद वाटत होते, एवढे मान्य केले पाहिजे. गड आणि शेत यांच्यामध्ये त्यांनी भिंत घातली नाही.

भिंत नंतर आली. १९७४ साली राज्याभिषेकाला ३०० वर्षे झाली. त्रिशताब्दीचा गाजावाजा झाला. त्याच्या जरा आधी आपण कुठे होतो? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडत होतो. ज्वारी पिकवणारा माणूस परदेशातून आलेली लाल मिलो रांगेत उभा राहून घेत होता आणि पोरे सुकडीवर जगत होती. ज्या बायांनी त्या खडीवर बाळंतपणे काढली, त्यांच्यावर त्रिशताब्दीच्या मंचावर कोणी पोवाडा गायला?

२०२३ साली ३५० वे वर्ष लागले. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झाले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा गळा. गाणे चांगलेच आहे. शाहिराच्या गळ्यातले गाणे राज्याने डोक्यावर घेतले याचा आम्हाला आनंद आहे. पण १९ फेब्रुवारीला आपल्या शेतात काय चाललेले असते? रब्बी ज्वारी काढणीला आलेली असते आणि घरात साठवलेला कापूस भावाची वाट पाहून पिवळा पडत असतो. राज्याचा मोठा दिवस आणि शेताचा अवघड दिवस बरोबर एकमेकांवर पडतात. शहाण्या राज्यकर्त्याने याचा उपयोग केला असता. त्या दिवशी हिशेब मांडला असता. आमचे राज्यकर्ते त्या दिवशी हार घालतात.

आणि आमचे आपसातले भांडण कशावरून? तारखेने की तिथीने. ६ जून की ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. १९ फेब्रुवारी की फाल्गुन वद्य तृतीया. भावांनो, पेरणीची तारीख चुकली तर वर्ष जाते. उत्सवाची तारीख चुकली तर काहीही जात नाही. मग कोणत्या तारखेवर डोके फोडायचे?

तीन पत्रे, ज्यांचा पोवाडा होत नाही

आता त्या राजाकडेच जाऊ. शिवाजीराजांची जी पत्रे शिल्लक आहेत, त्यांतली तीन कोकण किनाऱ्याच्या कारभारातली आहेत. अभ्यासकांनी ती छापली आहेत. शेतकऱ्याने ती पाठ करावीत अशा मोलाची आहेत.

पहिले १६७३ सालचे. चिपळूणच्या बाजूला, हलवर्णला, राजाचे घोडदळ पावसाळी मुक्कामाला होते. राजाने तिथल्या अंमलदारांना बजावले की दाणा-वैरण बेताने वापरा. आत्ताच उधळून टाकाल तर ऐन पावसात काही उरणार नाही, मग तुमचे लोक कुणब्याच्या घरात शिरतील, कोणी दाणे उचलेल, कोणी भाजी, कोणी लाकडे. असे झाले तर रयत म्हणेल की यापेक्षा मोगल बरे. आणि राजा किती बारीक पाहतो बघा. रात्री दिवा जळता ठेवू नका म्हणतो. उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, म्हणतो. ज्याने कडब्याची गंजी पेटलेली पाहिली आहे, त्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

दुसरे १६७६ सालचे, प्रभावळी सुभ्याचे सुभेदार रामाजी अनंत यांना. राजा त्यांना कचेरीत बसून राहू देत नाही. गावोगाव फिर, म्हणतो. कुणबी गोळा कर, कोणाकडे माणूसबळ किती, बैल किती, दाणा किती, ते पाहा. ज्याच्याकडे राबायची ताकद आहे पण बैल नाहीत, बी नाही, त्याला बैलासाठी पैसे दे, पोटाला दाणा दे. त्याची वसुली कशी करायची? व्याज लावायचे नाही. फक्त मुद्दल घ्यायचे, तेही हळूहळू, कुणब्याच्या अंगात ताकद आल्यावर. या कामाला दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी राजाची ना नव्हती. लारी म्हणजे त्या काळी किनाऱ्यावर चालणारे, तार दुमडल्यासारखे दिसणारे चांदीचे नाणे. आणि रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागता कामा नये, ही ताकीद याच पत्रातली.

तिसरे १६७१ सालचे, कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना. बारदेशाचे मीठ, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातले, स्वस्त येत होते. ते तसेच येत राहिले असते तर संगमेश्वराकडच्या आपल्या मिठाला गिऱ्हाईक उरले नसते. राजाने बारदेशाच्या मिठावर जकात इतकी वाढवायला सांगितली की व्यापाऱ्याला ते परवडू नये. उरण-पेणच्या मिठागरांत राबणाऱ्या माणसाला हे पत्र समजेल. आणि कापूसवाल्याला तर ते आरशासारखे आहे.

कारण आपल्या बाबतीत काय झाले? २०१२ च्या मार्चमध्ये कापसाला परदेशात गिऱ्हाईक होते, तेव्हा दिल्लीने निर्यातीला बंदी घातली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवा कापूस बोंडात असताना दिल्लीने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपल्या पहिल्या वेचणीपासून ऐन हंगामापर्यंत. भाव चढला की दाराला बाहेरून कडी, भाव पडला की दार सताड उघडे. व्यापार खुला ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी ठेवा, बंद ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी ठेवा. दोन्ही वेळा शेतकऱ्याचीच मान कापायची आणि मधल्या जूनमध्ये गडावर जाऊन त्याच राजाच्या नावाने गर्जना करायची, हा कोणता शिवाजी?

या तीन पत्रांत व्याजाची बात आहे, वसुलीची आहे, आयातीची आहे आणि सरकारी माणसाने शेतकऱ्याच्या दारात कसे वागावे याची आहे. म्हणून मंचावर ती गायली जात नाहीत. खान मारला गेला, त्याचा पोवाडा गायला तर आज कोणाच्याही खुर्चीला धक्का लागत नाही. मुद्दलच घ्यावे, ताकद आल्यावर घ्यावे, याचा पोवाडा गायला तर पुढच्या रांगेत बसलेल्यांना खाली बघावे लागेल.

'पण पत्राचा पोवाडा कसा होईल?'

काही जाणकार म्हणतील, पोवाड्याला वीररस लागतो; बैलबियाण्याच्या गोष्टीत वीररस कुठला? आम्ही विचारतो, कर्जात बुडालेला माणूस तिसऱ्यांदा दुबार पेरणी करतो, त्यात वीररस नाही तर कशात आहे?

आणि उदाहरणे आपल्याच घरची आहेत. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९४३ साली स्टालिनग्राडवर पोवाडा केला. हजारो कोसांवरचे शहर महाराष्ट्रातल्या गिरणगावाला आणि खेड्याला आपले वाटले. बंगालच्या दुष्काळावरही त्यांनी पोवाडा केला. भुकेवर पोवाडा होतो, हे त्यांनी सिद्ध करून ठेवले आहे. बार्शीचे अमर शेख ज्वारीच्या मुलखातले. त्यांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखोंनी ऐकला. सत्यशोधकांनी जलसे काढले, भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. तमाशाचा बाज तोच, डफ तोच, तुणतुणे तेच. विषय मात्र सावकार, भटशाही, शाळा, पाणी. वाद्याने कधीही विषय नाकारला नाही.

काही म्हणतील, तुम्ही जुन्या पोवाड्यांत ढवळाढवळ करायला निघालात. मुळीच नाही. जुना पोवाडा जसा आहे तसा, पुरा गावा. अज्ञानदास आणि तुळशीदास यांना पाच मिनिटांत उरकू नका. आमचे म्हणणे त्यांच्या शेजारी नवे चौक जोडण्याचे आहे.

आणि काही म्हणतील, राजाच्या दिवशी राजकारण नको. अगदी बरोबर. मग मंत्र्यांची भाषणे आधी बंद करा. आम्ही पत्रे वाचू, तुम्ही ऐका.

किनाऱ्यावरच्या आणखी तारखा

रायगडचा किनारा फक्त ६ जूनचा नाही. गडावरून समुद्राच्या दिशेने उतरत गेले की आपल्या जातीच्या, म्हणजे राबणाऱ्यांच्या, तारखा सापडतात.

२५ सप्टेंबर १९३०. उरणजवळचे चिरनेर. जंगल सत्याग्रह करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला. शेतकरी, कोळी, कातकरी मारले गेले. रानातले लाकूड तोडायचा हक्क मागितला म्हणून.

२७ ऑक्टोबर १९३३. अलिबाग तालुक्यातले चरी गाव. खोताच्या वाट्यापायी घरात दाणा उरत नव्हता, म्हणून कुळांनी ठरवले की जमीन कसायचीच नाही. नारायण नागू पाटील पुढारी होते. चरीसह पंचवीस गावांनी सहा वर्षे संप केला. सहा वर्षे! शेतकऱ्याने जमीन पड टाकणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून माणसे जगली पण खोतापुढे वाकली नाहीत. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले आणि १९३७ साली त्यांनी खोती मोडायचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. १९३९ साली कूळकायदा झाला आणि १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला. आज कुळाच्या नावाने सात-बारा आहे, त्यामागे या पड पडलेल्या जमिनी आहेत.

१६ आणि १७ जानेवारी १९८४. पुन्हा उरण. न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी घेतल्या जात होत्या, आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला देण्याचे तत्त्व आले, ते या रक्तातून.

आणि आपल्या कापसाच्या मुलखात? १९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे अख्खे शेतकरी कुटुंब कर्जापायी संपले. २०१७ पासून त्या दिवशी राज्यभर शेतकरी आणि त्यांचे सोबती अन्नत्याग करतात. १९८६ च्याच डिसेंबरात हिंगोलीजवळ सुरेगावला कापूस आंदोलनात गोळ्या चालल्या आणि शेतकरी पडले.

या तारखांचा पोवाडा तुमच्यापैकी किती जणांनी ऐकला आहे? हात वर करा. तुमच्या नातवाला तानाजी माहीत आहे, हे चांगले आहे. त्याला चरी माहीत आहे का? ज्या जमिनीच्या भाताला खोत हात लावत होता, ती जमीन सहा वर्षे पड टाकणाऱ्या कुळाला माहीत होते की लढाई तलवारीनेच होते असे नाही. ही गोष्ट नातवाला कळली नाही तर तो लढाई गडावर शोधत बसेल आणि लढाई त्याच्या बांधावर होऊन जाईल.

शाहिराच्या झोळीत कोणाची ज्वारी?

आता मुद्द्याची गोष्ट. शाहिरालाही पोट आहे. पाच माणसांचा ताफा, गाडीभाडे, वाद्ये, वर्षात मोजके दिवस काम. मंच ज्याचा असतो त्याचे तो गातो. त्याला नावे ठेवून काही साधत नाही. अज्ञानदासाला घोडा आणि तोडा मिळाला, कारण कोणीतरी म्हणाले की हे वर्तमान गायले गेले पाहिजे. आपण तसे कधी म्हटले? आपल्या मेळाव्यात मांडवाला पैसा असतो, लाउडस्पीकरला असतो, पुढाऱ्याच्या हारांना असतो. शाहिराला वेळ मिळतो तो पुढारी पोचेपर्यंत माणसे धरून ठेवण्यापुरता. मग सरकारी उत्सवाने त्याला मानाने बोलावले तर तो जाणारच.

आपल्या बायकांनी जात्यावर ओव्या म्हटल्या, ज्वारीच्या काढणीला आपण भलरी गायली, मोटेवर गाणी झाली. त्याला कोणी मानधन देत नव्हते. जाते गेले, मोट गेली, हार्वेस्टर आले, भलरी विसरली. गाणे कामाबरोबर गेले. जे उरले ते उत्सवाबरोबर राहिले, आणि उत्सव आता आपल्या हातात नाही. म्हणून हे जिल्हा मेळाव्यासमोर ठेवायचे ठराव:

एक. या पुढे आपल्या गावात शिवजयंती किंवा राज्याभिषेक दिन झाला, की पोवाड्याआधी १६७६ चे पत्र मोठ्याने वाचले जाईल. वाचणारा शाळकरी पोरगा किंवा पोरगी असेल. पुढारी कितीही मोठा असो, त्याचे भाषण पत्रानंतर.

दोन. प्रत्येक जिल्ह्याने आपला एक पोवाडा करून घ्यावा. कोणी १९७२ ची खडी घ्यावी, कोणी सुरेगाव, कोणी १९७७ च्या रोजगार हमी कायद्यामागची मजुरांची लढाई. किनाऱ्यावरच्या भावांना आमचे सांगणे की चरी तुमची, पण ती आम्हालाही हवी आहे. तिचा पोवाडा घेऊन कापसाच्या मुलखात या.

तीन. ६ जूनला गडावर जाणाऱ्या पोरांना कोणी अडवू नये. त्यांनी जरूर जावे. पण हात हलवीत जाऊ नये. १६७६ च्या पत्रातल्या अटी एका कागदावर उतरवाव्यात: पेरणीआधी बी आणि भांडवल, व्याज नाही, वसुली मुद्दलाची आणि ताकद आल्यावर, वसुलीवाल्याचा हात भाजीच्या देठाला नाही. गावाच्या सह्या-अंगठे घ्यावेत आणि जो कोणी मंत्री राजाच्या नावाने गर्जना करायला येईल, त्याच्या हातात तो कागद द्यावा. मागणी आमची नाही, साहेब. हुकूम तुमच्याच राजाचा आहे, एवढेच सांगावे.

चार. शाहिराचे मानधन गावाने द्यावे. घरटी पायलीभर ज्वारी. हंगामात खळ्यावरच बाजूला काढावी, बलुत्याची काढत होतो तशी. ज्याच्या घरी ती नाही त्याने वाडग्याभर द्यावी, त्यालाही पहिल्या रांगेत जागा.

पायली फार नाही. पण पोवाडा कोणाचा होणार, हे शाहिराच्या झोळीत कोणाची ज्वारी पडते यावरून ठरते. साडेतीनशे वर्षे आपण पोवाडा ऐकत आलो. आता तो आपण सांगून करवून घेऊ.